रिलीव्ह्ड बाय

मीनल मॅडमनी चहा मागवला तेव्हाच देवदत्तला संशय आला. सत्तावीस वर्षांत ह्या कंपनीत त्याला ऑफिसात बसवून कोणी चहा पाजला नव्हता. ओरडायचं असलं तर साहेब बॉयलर हाऊसच्या दारातच ओरडत, आणि शाबासकी द्यायची असली तर ती नोटीस बोर्डावर लागे, त्यातही नावाचं स्पेलिंग चुकलेलं. चहा म्हणजे काहीतरी गोड बोलून काढून घ्यायचं असणार. मीनल मॅडम एचआरच्या. वयानं त्याच्या मुलीपेक्षा, राजसीपेक्षा, पाचसहा वर्षांनी मोठ्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी कपाशेजारी एक कागद सरकवला. कागद त्याचाच होता, बुधवारच्या इंग्रजीच्या वर्गात भरून दिलेला. वर छापील प्रश्न होता की ह्या घडीला तुम्हाला सगळ्यांत जास्त गरज कशाची आहे ते एका वाक्यात लिहा. खाली त्याच्या ठसठशीत, लॉगबुकात कमावलेल्या अक्षरात उत्तर होतं: आय वॉन्ट टू बी रिलीव्ह्ड. त्याखाली शिकवणाऱ्या ऋता मॅडमची लाल रेघ, आणि रेघेच्या शेवटी दोन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह: बाय हूम?

मीनल मॅडम म्हणाल्या की देवदत्तकाका, मनात असं होतं तर आधी बोलायचं ना. मग त्या बरंच बोलल्या. गॅसवरचा नवा बॉयलर येतोच आहे, जुन्या माणसांना कंपनी अडवणार नाही, छान निरोप देऊ, फक्त तीन ओळींचं पत्र लिहून द्या. देवदत्तला कळायलाच अर्धं मिनिट लागलं की आपण राजीनामा दिला आहे. ऑफिसच्या भाषेत रिलीव्ह होणं म्हणजे कायमचं घरी बसणं, हे त्याला माहीत होतं. गेल्या वर्षी स्टोअरच्या माणसाला रिलीव्हिंग लेटर मिळालं तेव्हा पेढे त्यानंही खाल्ले होते. पण लिहिताना ते डोक्यात आलंच नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, मला तसं म्हणायचं नव्हतं. मग कसं म्हणायचं होतं, असं त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, आणि देवदत्तनं चहावरची साय बोटानं बाजूला केली. सांगता येण्यासारखं असतं तर त्यानं ते चौदा महिन्यांपूर्वीच कोणालातरी सांगितलं असतं. शेवटी त्याच म्हणाल्या की सगळ्यांच्या उत्तरांची यादी वर गेली आहे, तुमच्या नावापुढे खूण झाली आहे, तर उद्या अकरापर्यंत मराठीत का होईना, काय म्हणायचं होतं ते लिहून द्या, नाहीतर मला हा कागद आहे तसा धरावा लागेल. त्यानं मान हलवली, कागद चार घड्या करून खिशात घातला आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

ह्या वर्गाचं खूळ कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पहिली पाळी तीनला सुटली की बुधवारी सव्वातीनला कँटीनमध्ये बसायचं, सगळ्या ऑपरेटरांनी. विषय, अडचणींवर मात आणि मनाचं आरोग्य, त्यासाठी लागणारे इंग्रजी शब्द. मन बिघडलं तर ते इंग्रजीत बिघडलं पाहिजे अशी कंपनीची समजूत असावी. ऋता मॅडम उल्हासनगरहून स्कूटीवर येत. तिथल्या कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. पोरगी हुशार, मराठी बोलताबोलता हिंदीत घसरायची आणि परत यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर कोप लिहिलं, कोप म्हणजे निभावून नेणं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे देवाचा होतो तो कोप, तो कसा निभावणार. मग टॅकल आलं. टॅकल म्हणजे अडचणीला भिडणं, असं त्या म्हणाल्या, आणि सगळी कँटीन हसली, कारण एमआयडीसीत टॅकल म्हणजे जड माल उचलायची साखळी आणि पुली. एकेक शब्द येत गेला आणि देवदत्तच्या लक्षात आलं की ह्यातले बहुतेक आपल्याला येतात. प्रेशर, टेन्शन, लोड, बॅलन्स, ब्रेकडाऊन, बर्नआउट, सगळे ओळखीचे. फक्त ते माणसांना लावतात हे ठाऊक नव्हतं. टेन्शन पट्ट्याला असतं, ब्रेकडाऊनला पंप जातो, जळते ती मोटर. आयुष्यभर ज्या शब्दांनी त्यानं यंत्रांची दुखणी लिहिली त्याच शब्दांनी ही मुलगी माणसांची सांगत होती, आणि ते त्याला एकदम पटलं. बॉयलरला निदान गेज असतं, दाब किती चढला ते काटा दाखवतो. माणसाला तेवढीही सोय नाही.

तिसऱ्या बुधवारी फळ्यावर रिलीव्ह्ड आलं. हायसं वाटलेला, असा अर्थ त्यांनी पुढे लिहिला. ह्यावर मात्र कोणी हसलं नाही, कारण हा शब्द पाळीवर काम करणाऱ्याच्या अंगात असतो. बॉयलर पेटता सोडून जायचं नाही, हा पहिला नियम. कायदाही तोच आणि धर्मही तोच. पुढच्या पाळीचा माणूस, तुमचा रिलीव्हर, येऊन उभा राहतो, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघतो, गेज बघतो, काय कुरकुरतंय ते विचारतो, मग लॉगबुकात शेवटच्या रकान्यात, रिलीव्ह्ड बायच्या पुढे सही करतो. ती सही होईपर्यंत तुम्ही बॉयलरचे, सही झाली की स्वतःचे. इतकं साधं आहे ते. रिलीव्हर आला नाही तर तुम्ही तिथेच, मग घरी आग लागो. देवदत्तच्या लॉगबुकात त्या रकान्यात पंचवीस वर्षं एकच सही होती, ‘दौ’वरच्या मात्रा लांब ओढलेल्या, दौलतरावांची. नावाला ते दौलतराव होते आणि बोलायला तू होते. मोरिवलीचे, वडिलांची भातखाचरं एमआयडीसीत गेली त्याबदली नोकरीला लागलेले. तीनला पाच कमी असताना ते दारात उभे राहायचे, खांद्यावरचा टॉवेल खिळ्याला अडकवायचे आणि रोज एकच वाक्य म्हणायचे, "मी आहे. तू निघ." पंचवीस वर्षं, रोज. देवदत्त कधी त्यावर थांबला नाही, कधी आभार मानले नाहीत. आपल्या घराचं दार उघडतं ह्याचे कोण आभार मानतं. ऋता मॅडमनी जेव्हा हायसं वाटलेला असं लिहिलं तेव्हा त्याच्या कानात ते वाक्य वाजलं, आणि हातानं आपोआप कागदावर ते लिहिलं. मला मोकळं करा. एवढंच. बाय हूम ते लिहायचं राहिलं, कारण ज्यानं करायचं तो माणूस उरला नव्हता.

गेटबाहेर आल्यावर रिक्षा उभ्या होत्या. रोज तो स्टेशनपर्यंत शेअर रिक्षेनं जायचा, तिथून बदलापूर, घर, बायकोच्या, वृंदाच्या, हातचा चहा. आज रिक्षावाल्यानं एक सीट, एक सीट म्हणून हाक मारली तरी तो पुढे चालत राहिला. गेटपासून शंभरेक पावलांवर पानाची टपरी आहे आणि तिच्यापुढे रिक्षांचा थांबा. त्या टपरीपाशी तो चौदा महिने पायी आला नव्हता. रिक्षेत बसून जाताना दुसरीकडे बघायचा. टपरीवाला सुपारी कातरत होता, समोर जमीन होती, तिच्यावर वेफर्सची रिकामी पाकिटं. इथेच. देवदत्त थांबला, मग कोणी बघतंय असं वाटून बुटाची नाडी बांधू लागला, जी सुटलेली नव्हती.

त्या दिवशी तीन वाजले, तीन वाजून पाच झाले, दहा झाले, टॉवेल खिळ्यावर आला नाही. देवदत्तच्या घरी चार वाजता पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा यायचा होता. तो माणूस तीन दिवस टांग देत होता आणि त्या दिवशी वृंदा घरी नव्हती. आता आठवलं की लाज वाटते, पण त्या क्षणी जगात त्या फिल्टरइतकं महत्त्वाचं काही नव्हतं. वीस मिनिटं झाल्यावर त्यानं फोन लावला. दौलतराव म्हणाले, "देवा, आज छातीत जड वाटतंय रे. अर्धा तास सांभाळ." आणि देवदत्त म्हणाला, "आधी येऊन मला रिलीव्ह कर, मग काय मरायचं ते मर." असं बोलतात माणसं. पाळीवर तर ह्याहून वाईट बोलतात, आणि रात्री एकत्र भजी खातात. पलीकडून हसल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. देवदत्तला वाटलं, चला, येतोय. चारला दहा कमी असताना गेटवरचा वॉचमन धावत आला की दौलतराव टपरीपाशी रिक्षेतून उतरले आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं तोवर संपलं होतं. आणि देवदत्तला तिथे जाताही आलं नाही, कारण त्याला रिलीव्ह करणारा माणूस वाटेतच गेला होता आणि बॉयलर पेटता होता. तो रात्री अकरापर्यंत गेजकडे बघत उभा राहिला. लॉगबुकात त्या दिवशीच्या तीनच्या रकान्यात रिलीव्ह्ड बायच्या पुढे काहीच नाही. साहेबांनी नंतर रेघ मारायला सांगितली होती, त्यानं मारली नाही.

पुढचं त्यानं फार वाईट केलं. हे त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते बरोबर होतं. तो स्मशानात गेला, पण गर्दीच्या मागे एका झाडाला टेकून उभा राहिला आणि आधी निघाला. दहाव्याला गेला नाही, तेराव्याला गेला नाही. कामावरच्यांना वाटलं, बिचाऱ्याला सहन होत नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून जायचे, आणि तो ते ठेवू द्यायचा. वृंदानं दोनदा म्हटलं की दौलतरावांच्या बायकोला, बनूबाईंना, भेटून येऊ या, एकदा त्याला खोकला झाला आणि एकदा डबल शिफ्ट लागली. हळूहळू त्याला दुसरीच सवय लागली. सुजित, दौलतरावांच्या जागी आलेला ऑपरेटर, तीनला दोन मिनिटं उशिरा आला तरी देवदत्त दाराशी जाऊन रस्त्याकडे बघायचा, आणि तो आला की हायसं वाटण्याऐवजी राग यायचा. सुजितनं सही केली तरी तो निघायचा नाही. पाण्याची काच पुन्हा बघायचा, झडप हातानं चाचपायचा. सुजित म्हणायचा, काका, जावा ना आता, मी बघतो. घरी जेवताना त्याला वाटायचं, आपण काहीतरी पेटतं सोडून आलोय. झोपेत वाटायचं. देवळात वाटायचं. आता ह्यातलं काय मीनल मॅडमना तीन ओळींत लिहून द्यायचं? आणि नाही लिहिलं तर नोकरी जायची, आणि गेली तर हे पेटतं ओझं कायमचं आपल्याच गळ्यात, सही करायला कोणी नाही. फळ्यावरच्या शब्दांत ह्याला काहीतरी शब्द असेल, त्यानं घड्या घातलेला कागद खिशातल्या खिशात चाचपला. लाल शाईतली ती मुलगी व्याकरण विचारत होती, बाकी काही नाही. पण प्रश्न नेमका तोच होता.

मोरिवली, दौलतरावांचं गाव, टपरीपासून दहा मिनिटांवर. पाय तिकडे कधी वळले ते कळलं नाही असं तो पुढे वृंदाला सांगणार होता, पण ते खोटं होतं. प्रत्येक वळणावर त्याला कळत होतं. कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे गाव सुरू होतं, घरांचे स्लॅब झालेत, पण अंगणं तेवढीच राहिलीत. बनूबाई ओट्यावर बसून भाकरीचे तांदूळ निवडत होत्या. अंगानं वाळल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, ओळखलं, आणि सूप बाजूला न ठेवता म्हणाल्या की या. आत जाऊन पाणी आणलं. घरात कोणी नव्हतं, मुलगा कामावर, सून बाजारात. भिंतीवर दौलतरावांचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा पसरट झाला होता. फोटोखाली खिळ्याला तो टॉवेल होता, धुऊन घडी घातलेला.

देवदत्तनं घरची चौकशी केली, गुडघ्यांची केली, पावसाची केली. बनूबाई खडे वेचत राहिल्या, त्याला घाई नव्हती हे त्यांना दिसत होतं. बॉयलरचा दाब हाताबाहेर चढू लागला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, कोणाला विचारत नाही. त्याचं तसंच झालं. वहिनी, त्या दिवशी मी फोन केला होता, असं तो म्हणाला, आणि पुढचं एका दमात, जसंच्या तसं, मर ह्या शब्दासकट सांगून टाकलं. सांगताना आवाज अगदी सपाट होता, लॉगबुक वाचल्यासारखा. संपलं तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"मला ठाव हाय," बनूबाई म्हणाल्या. "फोन ह्याच ओट्यावर होता, स्पीकर चालू. ते शर्ट घालीत होते. ऐकलं मी."

त्या तांदळाकडेच बघत बोलत होत्या, सावकाश, आधीच कित्येकदा मनात बोलून झाल्यासारख्या. ते हसले, असं त्या म्हणाल्या, बोलले, देवा तापलाय. मी बोलले, नका जाऊ, तोंड बघा कसं झालंय. तर बोलले, तो बायलर सोडून निगू नाय शकत, अडकलाय तो तिकडं. आणि गेले. मी अडवायला पायजे होतं, पायात चपला होत्या त्या काढून घ्यायला पायजे होत्या. हे म्हणताना त्यांचा हात सुपात थांबला, आणि देवदत्तच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की ह्या ओट्यावर चौदा महिने आपल्यासारखंच कोणीतरी पेटतं काही सांभाळत बसलं आहे. हे इतके दिवस आपल्याला सुचू नये ह्याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

"तुमच्या बोलण्यानं गेले का नशिबानं, ते मला नाय कळत," त्या म्हणाल्या. "पण तेराव्याला मी दारात बघत होते. तुमी आला असतात तर भांडले असते तुमच्याशी. चांगली भांडले असते. भांडायला पन कोन आला नाय."

देवदत्त रडला. मोठ्यानं नाही, पण रडला. रुमाल सापडेना म्हणून बाहीनं डोळे पुसले. बनूबाई रडल्या नाहीत. त्यांनी उठून चहा टाकला, आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, आणि चहा आणला तो भरपूर साखरेचा, दौलतराव प्यायचे तसा. त्यानं कागदाची गोष्ट सांगितली, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. कागद उलगडून दाखवलाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लाल शाईवर बोट ठेवून त्यांनी विचारलं की हे काय. तो म्हणाला, कोणी मोकळं करायचं, असं विचारलंय. त्यांनी कागदाच्या घड्या घालून तो परत दिला. मग म्हणाल्या की नोकरी सोडू नका. त्यांच्या जागेवर कोण आलाय? सुजित म्हणून आहे, त्यानं सांगितलं. वेळेवर येतो का? येतो, कधी दोन मिनिटं इकडेतिकडे.

"मंग त्याला तरी नीट बोला," बनूबाई म्हणाल्या.

त्यानं हो म्हटलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याला ते लागलं असतं. उद्या सकाळी मीनल मॅडमना काय लिहून द्यायचं ते आता साधं वाटत होतं: माझा रिलीव्हर गेला, त्याला मी वाईट बोललो होतो, नोकरी सोडायची नाही. तीनच ओळी. त्यांना कळल्या तर कळल्या. ऊन उतरलं होतं, एमआयडीसीतल्या कोणत्यातरी कंपनीचा भोंगा झाला, सून अजून बाजारातून परतली नव्हती. एकट्या बाईला असं सोडून कसं जायचं, हे त्याच्या मनात आलं, आणि तो उठून पुन्हा बसला. पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला. बूट घातले आणि ओट्याच्या पायरीवर उभा राहिला. पावसाच्या आधी ओट्यावरचे पत्रे बघायला हवेत, मी रविवारी येतो, असं म्हणाला. म्हणून झालं तरी उभाच राहिला.

बनूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. आयुष्यभर एकाच माणसाबरोबर राहून बोलणं एकमेकांचं होऊन जातं, त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. तांदळातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला आणि वर न बघता म्हणाल्या,

"मी हाय. तुमी निगा."